दर वळवाला कॅम्परचं ऑनिंग फाटतंय? कापडाआधी ब्रॅकेट तपासा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं दुपारभर अंग भिजवणारा उकाडा असतो, चार-पाचच्या सुमाराला ढग दाटून येतात आणि पहिल्या थेंबाच्या आधी वारा येऊन धडकतो. मसाई पठारावर, आंबा घाटाच्या बाजूला किंवा राधानगरीच्या वाटेवर गाडी लावून ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला पट्टीनं बसवलेलं, उघडझाप करता येणारं कापडी छप्पर, उघडून बसलेल्या माणसाच्या हातात त्या वेळी जेमतेम दोन-तीन मिनिटं असतात. तेवढ्यात आवरलं नाही तर कापड फाटतं, ऑनिंगचा हात, म्हणजे कापड ताणून धरणारी नळी, वाकतो, कधी अख्खी पट्टीच गाडीच्या अंगावरून सुटून लोंबकळते. मग कोल्हापुरात येऊन नवीन कापड शिवून घ्यायचं, वर्षभर वापरायचं, आणि पुढच्या वळवाला पुन्हा तेच. बहुतेक वेळा फाटतं तेही त्याच कोपऱ्यात.

तोच कोपरा पुन्हा फाटतो, यातच दुखणं कळतं. कापडच कच्चं असतं तर ते दर वेळी वेगळीकडं गेलं असतं. जागा तीच असेल तर जोर तिथंच येऊन साठतोय, आणि तो तिथं का येतोय हे शोधल्याशिवाय कितीही भारी कापड लावलं तरी ते टिकणार नाही. मित्रांच्या गाड्यांवर मी जेवढी फाटलेली ऑनिंग पाहिली, त्यातल्या बहुतेकांचं मूळ कापडात नव्हतं. ते गाडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटमध्ये, वाकलेल्या हातात किंवा ढाळ न दिल्यामुळं साचलेल्या पाण्यात होतं.

किती जोर येतो

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आपल्याकडं सर्रास बसवलं जाणारं ऑनिंग 2.5 मीटर बाय 2.5 मीटरचं, म्हणजे सव्वासहा चौरस मीटरचं. ताशी 40 किलोमीटरचा वारा त्यावर सरळ आदळला तर साधारण 48 किलो वजनाइतका जोर येतो. ताशी 60 ला तोच आकडा 108 किलोच्या घरात जातो आणि ताशी 80 ला 190 किलोच्या पुढं. वारा बहुधा तिरका लागतो, खालून उचलतो, त्यामुळं प्रत्यक्षातला आकडा थोडा इकडंतिकडं होणार. पण एक उंचापुरा माणूस ऑनिंगला लटकून हिसके देतोय असं धरून चाललात तर चुकणार नाही. आणि हा सगळा जोर शेवटी तीन-चार बोल्टांवर येतो.

पाण्याचा हिशोब तर आणखी सोपा आहे. 1 मिलिमीटर पाऊस 1 चौरस मीटरवर पडला की 1 लिटर पाणी होतं. वळवाच्या एका जोरदार सरीत 15 मिलिमीटर पाऊस सहज पडून जातो. ढाळ नसेल आणि ते सगळं पाणी झोळात साचलं, तर कापडावर नव्वद किलोच्या वर वजन बसलं. वाऱ्याचा हिसका घडीभराचा असतो, पाणी मात्र तिथंच बसून राहतं आणि हात वाकवून सोडतं.

आधी फाटलेली जागा नीट बघा

घरी आल्यावर लगेच कापड काढून टाकू नका. उन्हात उघडा, वाळू द्या, आणि काहीही पुसायच्या आधी फोटो काढा. फाट कुठून सुरू झाली हे त्यात स्पष्ट दिसतं.

गाडीच्या बाजूला, पट्टीच्या खाचेला लागून कापड आडवं उसवलं असेल तर वाऱ्यानं खालून उचललंय आणि पट्टी हललीय. मधोमध ताणून पातळ झालं असेल, तिथं मातीचा गोल डाग असेल, तर पाणी साचलंय. एकाच कोपऱ्यातून तिरकी फाट गेली असेल तर दोन्ही हात सारखे उघडत नाहीत, एका बाजूला ताण जास्त येतोय. आणि कापड घडीच्या रेषेवरच चिरलं असेल, वरच्या बाजूची शिवण नखानं खरवडल्यावर दोऱ्याचा भुगा पडत असेल, तर मात्र उन्हानं कापड आणि दोरा दोन्ही संपलेत. एवढ्या एकाच बाबतीत दोष खरोखर कापडाचा.

दुसरी तपासणी मोजपट्टीची. ऑनिंग पूर्ण उघडून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्या, मग दुसऱ्या तिरक्या बाजूचं घ्या. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. सेंटीमीटरभर फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर चौकट गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत, आणि गुण्यात नसलेल्या चौकटीवर नवीन कापड चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

तिसरी तपासणी दोघांनी करायची. एकानं पुढचा बार धरून हलकेच वर-खाली करायचा आणि दुसऱ्यानं ब्रॅकेटवर बोट ठेवून उभं राहायचं. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते.

ब्रॅकेट: इथंच खरी गोम आहे

एका मित्राच्या ट्रॅव्हलरवर बसवलेलं ऑनिंग दोनदा त्याच ठिकाणी फाटलं होतं. पट्टी सोडवून पाहिली तर मागच्या ब्रॅकेटची भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती. भोकाच्या वरच्या कडेला पत्रा घासून चकाकत होता, खालच्या कडेला गंजाची तपकिरी धार उतरली होती. स्क्रू बोटानं फिरत होता. बाहेरून सिलिकॉन इतकं चोपडलं होतं की हे काहीच दिसत नव्हतं. पुढचं ब्रॅकेट मात्र घट्ट होतं. म्हणजे वारा आला की मागची बाजू पाऊण इंच उचलायची, पुढची जागची हलायची नाही, आणि सगळा पीळ मागच्या कोपऱ्यातल्या कापडाला बसायचा. कापडानं फाटायचं नाही तर काय करायचं?

गाडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. त्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रूला धरायला एखाद-दुसरा आटा मिळतो. उभी गाडी असताना ते घट्ट वाटतं. घाटातली खडखड आणि वाऱ्याचे हिसके लागले की आटे जातात. यावर इलाज एकच. स्क्रू काढून टाकायचे, आरपार बोल्ट घालायचे आणि आतून पट्टी द्यायची.

आधी आतलं अस्तर उघडून बॉडीचा सांगाडा कुठं आहे ते शोधा. ब्रॅकेट शक्यतो त्या उभ्या पाईपवर किंवा चॅनेलवर यायला हवं, त्यासाठी ते चार बोटं पुढं-मागं सरकवावं लागलं तरी सरकवा. सांगाडा सापडतच नसेल तर पत्र्याच्या आतल्या बाजूला 5 मिलिमीटर जाडीची, 50 मिलिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी लावा. ती जितकी लांब तितकं चांगलं, कारण जोर तेवढ्या पत्र्यावर पसरतो. बोल्ट एम-8, म्हणजे 8 मिलिमीटरचे, स्टेनलेस, आणि नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. साधा नट हादऱ्यांनी सैल होतो. ड्रिल मारायच्या आधी मागून वायरिंग जात नाही ना, हे हात घालून बघा. दिव्याच्या वायरीला भोक पडलं तर नवीनच काम होऊन बसतं.

जुनी लांबट भोकं तशीच सोडू नका. कडा घासून गंज काढा, प्राइमर लावा आणि मग पॉलियुरेथेन सीलंटनं बंद करा. स्वस्तातलं सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते इथं वापरू नका. त्यातलं आम्ल धातूला खातं, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढं रंग किंवा दुसरं सीलंट धरत नाही. स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमची पट्टी जिथं एकमेकांना टेकतात तिथं नायलॉनचा वायसर टाका. दोन वेगळे धातू आणि मध्ये चार महिन्यांचा पावसाळी ओलावा, एवढ्यावर ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडायला लागतं.

रूफ कॅरिअरवर बसवलेल्या ऑनिंगलाही हेच लागू आहे. तिथं एल ब्रॅकेट पातळ असतं आणि कोपऱ्यात उघडतं. ते ठोकून बंद केलं तर परत उघडतं. त्यापेक्षा 5 मिलिमीटरच्या पट्टीचं, कोपऱ्यात तिरका आधार असलेलं ब्रॅकेट करून घ्या.

वाकलेला हात

या बाबतीत आपण कोल्हापूरकर नशीबवान आहोत. बाहेरच्या शहरात एका हातासाठी पूर्ण सेट मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत ऑनिंग पडून राहतं. आपल्याकडं उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या वस्तीत, मोडका तुकडा घेऊन गेलं की तसाच दुसरा करून देणारी माणसं आहेत. फक्त काय करून घ्यायचं हे आपल्याला माहीत हवं.

हात बहुधा ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीचा असतो आणि त्याची ताकद त्याला कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेवर असते. तो गॅसवर तापवून सरळ केला की दिसायला सरळ होतो, पण तेवढा भाग मऊ पडतो आणि पुढच्या वाऱ्यात बरोबर तिथंच बसतो. थंड असताना वाकवून सरळ केला तर बाकाच्या आतल्या बाजूला बारीक चिरा जातात. उद्यमनगरातल्या एका टर्नरनं मला हे फार मोजक्या शब्दांत सांगितलं होतं: "दादा, सरळ करून देतो की. पर गरम केलासा तर मऊ पडतंय, आणि गार वाकीवलासा तर चिरतंय. आत स्लीव्ह घाला, मग बघा."

त्यानं वाकलेला भाग कापून बाजूला ठेवला. व्हर्नियरनं नळीचं आतलं माप तीन ठिकाणी घेतलं, कारण वाकताना नळी थोडी चपटी झाली होती. मग ॲल्युमिनियमचा गज लेथवर लावून हातानं दाबल्यावर सरकेल पण खुळखुळणार नाही इतका उतरवला. कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना स्लीव्ह नळीच्या व्यासाच्या तिप्पट आत गेली. जोड रिबिटांनी पक्का केला. वेल्डिंग केलं नाही, आणि ते बरोबरच केलं. आर्गन वेल्डिंगनं ॲल्युमिनियम जोडलं जातं, पण जोडाच्या शेजारचा भाग तापून पुन्हा मऊ होतो. जिथं वाकण्याचा जोर येतो तिथं स्लीव्ह आणि रिबिट हेच बरं.

पायांच्या सांध्यातले प्लॅस्टिकचे तुकडे फुटले असतील तर तेही नायलॉनच्या गजातून उतरवून मिळतात. जुना फुटका तुकडा टाकून देऊ नका, त्याचंच माप लागतं.

एक इशारा मनापासून देतो. स्प्रिंगच्या रोलरचं ऑनिंग असेल, म्हणजे कापड गुंडाळणाऱ्या नळीच्या टोकांना पिळाची स्प्रिंग असेल, तर टोकाचं झाकण स्वतः उघडू नका. स्प्रिंग गुंडाळलेल्या अवस्थेत असते. लॉकची पिन न घालता झाकण सोडलं तर ते इतक्या वेगानं गरकन फिरतं की बोटं जायबंदी होतात. हँडल फिरवून उघडणाऱ्या कॅसेट ऑनिंगच्या कोपरातून दुमडणाऱ्या हातांमध्येही ताणलेली स्प्रिंग असते. हात सोडवायच्या आधी ते दोरीनं आवळून बांधा. ही कामं ज्यानं आधी केलीत त्याच्याकडूनच करून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता कापड

ब्रॅकेट घट्ट झालं, चौकट गुण्यात आली, की मग कापडाकडं वळा. आधी कापड कोणतं आहे ते ओळखा. वरून गुळगुळीत, रबरासारखं लागत असेल तर पीव्हीसीचा लेप असलेलं पॉलिस्टर. विणकाम दिसत असेल तर ॲक्रिलिक किंवा पॉलीकॉटन. पीव्हीसीला गरम हवेनं किंवा व्हिनाइल सिमेंटनं ठिगळ चिकटतं. ताडपत्री आणि फ्लेक्स जोडणाऱ्यांकडं गरम हवेचं यंत्र असतं. विणलेल्या कापडाला ते धरत नाही, तिथं शिवावंच लागतं.

ठिगळ फाटीच्या चारही बाजूंना किमान 5 सेंटीमीटर जास्त घ्या आणि त्याचे कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरा आधी उचकटतो. कापड फडफडणाऱ्या जागी असेल तर वरून-खालून दोन्ही बाजूंनी लावा.

शिवायला रिक्षाचं हूड शिवणाऱ्यांकडं जा, असा माझा आग्रह आहे. कपड्यांच्या शिंप्याचं मशीन इतकं जाड कापड ओढत नाही. हूड शिवणाऱ्याला ताण कुठं येतो, पाणी कुठून उतरतं हे वेगळं सांगावं लागत नाही, त्याचं रोजचं कामच ते आहे. आपल्या कोल्हापूरच्या रिक्षा बघितल्यात तर शिवणीवर किती जीव लावलेला असतो हे कळेल. त्याला फक्त दोन गोष्टी सांगा. दोरा पॉलिस्टरचाच हवा. सुती दोरा कुजतो आणि नायलॉनचा उन्हात लवकर तुटतो. टाका 4-5 मिलिमीटरचा हवा. बारीक टाक्यांनी शिवण मजबूत होत नाही, उलट कापडाला ओळीनं भोकं पडतात आणि ते बरोबर त्या रेषेवर फाटतं. एकाऐवजी दोन समांतर शिवणी, मध्ये सेंटीमीटरभर अंतर. शिवून झाल्यावर टाक्यांवरून सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारं द्रावण, फिरवा, नाहीतर पहिल्याच सरीत डोक्यावर ठिबकतं.

खाचेत सरकणारी काठाची गोल दोरी कुजली असेल तर ती बदलाच. कापड परत चढवताना खाच आतून घासून घ्या, कुठं कड वर आली असेल तर कानशीनं मोडा, सिलिकॉन स्प्रे मारा, आणि दोघांनी सरळ रेषेत ओढा. तिरकं ओढलं की कड कापड कापते. शेवटी खाचेच्या दोन्ही टोकांना छोटा स्क्रू मारून कापड अडवा. हा स्क्रू बहुतेक जण विसरतात. मग कापड हळूहळू एका बाजूला सरकतं, गुंडाळी तिरकी होते आणि कोपऱ्यावर ताण येतो.

ढाळ आणि दोऱ्या

उन्हासाठी ऑनिंग सपाट चालतं, पावसाला नाही. दर मीटरला 20 ते 25 सेंटीमीटर उतार हवा. 2.5 मीटरच्या ऑनिंगला बाहेरची बाजू गाडीकडच्या बाजूपेक्षा अर्धा मीटर तरी खाली यायला हवी. खाली वाकून आत शिरावं लागतं, पण पाणी थांबत नाही. शिवाय एक पाय दुसऱ्यापेक्षा पंधराएक सेंटीमीटर खाली ठेवा, म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून धार धरून पडतं.

खुंट्यांबद्दल आपल्या जमिनीची एक अडचण आहे. पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, आंबा या बाजूला वर जांभा आहे; पातळ खुंटी त्यात शिरत नाही, वाकते. खाली नदीकाठच्या काळ्या रानात ती लोण्यासारखी शिरते आणि पाऊस पडल्यावर तितक्याच सहज निघते. जांभ्यावर जाड सळईची खुंटी किंवा मोठ्या दगडाला पट्टा, काळ्या मातीत लांब, स्क्रूसारखी फिरवून बसवायची खुंटी. पाण्याचे 20 लिटरचे जार बांधणारे पुष्कळ आहेत. दोन जार म्हणजे 40 किलो. वरचा 108 किलोचा आकडा आठवा. झुळकेला ते पुरतात, वळवाला नाही. दोरी पायाला थेट ताठ बांधण्यापेक्षा मध्ये रबराचा किंवा स्प्रिंगचा तुकडा असू द्या, हिसका हातापर्यंत पोचायच्या आत मरतो.

दोऱ्यांनी फक्त आवरायला वेळ मिळतो. वळवात ऑनिंग उघडं ठेवता येईल अशी कोणतीही बांधणी माझ्या पाहण्यात नाही. म्हणून त्या दिवसांत दुपारी तीननंतर ऑनिंग उघडं ठेवून फिरायला जाऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप 20 ते 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर सूचना देतं. ती आली की चहा अर्धा टाकून गुंडाळायला लागा. अचानक गार हवा सुटली, धूळ उठली तर ॲपची वाट बघू नका. आणि विजा चमकत असताना ऑनिंगचा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पाय धरून उभं राहू नका. पत्र्याच्या बॉडीची गाडी असेल तर दारं-काचा लावून आत बसा.

वळवाचा वारा दिशा बदलतो, त्याचा अंदाज बांधता येत नाही. जुलै-ऑगस्टचा वारा मात्र पश्चिमेकडून एकसारखा असतो. त्या दिवसांत पठारावर गाडी अशी लावा की ऑनिंग पूर्वेला उघडेल आणि गाडीचाच आडोसा मिळेल. ओलं गुंडाळलं तर दोन दिवसांच्या आत कुठंतरी उघडून वाळवा, नाहीतर काळी बुरशी धरते आणि पॉलीकॉटन कुजायला लागतं.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ऑनिंग घरासमोरच, वारा नसताना उघडा. तिरकी मापं परत घ्या. वरून दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठून जातंय, कुठं थबकतंय ते बघा. मग प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत ऑइल पेंटची एक बारीक सरळ रेघ मारून ठेवा. पहिल्या दोन-तीन मुक्कामांनंतर आणि त्यापुढं दर वळवाच्या आधी त्या रेघा बघायच्या. नटावरची आणि पट्टीवरची रेघ एकमेकींपासून सरकलेली दिसली, तर नट फिरलाय. तो आवळा, आणि पुन्हा सरकला तर बोल्ट-नट दोन्ही बदला.